घरपोच फुटबॉल

घरबसल्या पडद्यावर फुटबॉल उत्तम दिसतो, मग मैदानावर जायचे कशाला, हा युक्तिवाद आता इतका सर्वमान्य झाला आहे की त्याचा प्रतिवाद करणाराच हास्यास्पद ठरावा. तो धोका पत्करून आम्ही प्रतिवाद करीत आहोत.

कॅमेरा चेंडूमागे धावतो. चेंडू मात्र एका वेळी एकाच्याच पायाशी असतो. उरलेले एकवीस जण त्या क्षणी काय करीत असतात, यातच या खेळाचे निम्मे मर्म आहे. सहकाऱ्याला जागा मोकळी व्हावी म्हणून एखादा आघाडीचा खेळाडू बचावपटूला आपल्यामागे ओढून नेत रिकामाच धावतो. त्याला चेंडू मिळत नाही आणि गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो. हे धावणे बहुधा चौकटीबाहेरच राहते. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्याला ते दिसते. ज्याला ते कधीच दिसले नाही, त्याने फुटबॉल पाहिला असे म्हणण्यास आमची जीभ कचरते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पडद्यासमोरचा प्रेक्षक असला काय नि नसला काय, खेळाडूला त्याचा पत्ता नसतो. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात भारताने चिनी तैपेईचा ५–० असा पराभव केला, तेव्हा प्रेक्षक होते अवघे २,५६९! दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्री यांना चित्रफितीतून विनवावे लागले : टीका करा, शिव्याही द्या, पण मैदानात येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध भर पावसात तेच मैदान तुडुंब भरले. तो छेत्रींचा शंभरावा सामना. भारत ३–० असा जिंकला. विश्वचषकाच्या दिवसांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लावणाऱ्या महानगरावर ही वेळ यावी? कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर असले की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. तेथे कोणाला विनवावे लागत नाही. (तेथील हुल्लडबाजीचे समर्थन अर्थातच आम्ही करणार नाही.)

भिवंडीजवळच्या वळ गावात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. येथून माल खोक्यांत बंद होऊन घरोघर जातो. खेळही तसाच घरपोच मिळावा, ही अपेक्षा त्याच सवयीची. घरपोच आलेल्या वस्तूचे आपण दाम मोजतो. तिच्या घडण्याचे साक्षीदार नसतो. सुटीच्या संध्याकाळी गोदामांच्या आवारात पोरे चेंडू खेळतात, तेव्हा आपण वडीलधारे लंडन-माद्रिदचे सामने लावून बसलेले असतो. माद्रिदच्या बदली खेळाडूचेही नाव आपल्याला पाठ असते. आवारातल्या त्या पोरांपैकी रिकामा कोण धावला, हे मात्र आपल्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही.