दोन वर्षांच्या लेकराला महालात चालायला जागा आहे का, राजेहो?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की एक प्रश्न दरवर्षी फिरतो. "घरात दोन-अडीच वर्षांचं लेकरू आहे, नागपुरात कुठे न्यावं?" आणि खाली उत्तरांची ही रांग. मॉलमधला गेम झोन. वॉटर पार्क. गोरेवाडा. फुटाळा. कुणी तर सरळ पेंच नाहीतर ताडोबा सांगून मोकळा होतो. अरे बाप्पा, दोन वर्षांच्या लेकराला वाघ दाखवायला नेता? ते जिप्सीत झोपून जाते आणि उठल्यावर रस्त्यातल्या बकरीकडे पाहून टाळ्या वाजवते. पैसे गेले बापाचे.

माझं म्हणणं थेट सांगतो. एवढ्याशा लेकराला "स्पॉट" लागत नाही. त्याला रोज जाता येईल अशी, घरापासून पायी दहा मिनिटांवरची, गाडीचा धाक नसलेली एक जागा लागते. सावली, थोडी माती, प्यायला पाणी आणि आईला बसायला एक बाक. बस. आणि नेमकी हीच गोष्ट महालात, एकूणच जुन्या नागपुरात, मिळेनाशी झाली आहे. म्हणून आपण "कुठे न्यावं" असं विचारत फिरतो. खरं विचारायचं ते हे, की "जवळ काऊन नाही?"

दुडूदुडू चालणाऱ्या लेकराला घेऊन कधी बाहेर पडला असाल तर तुम्हाला माहीत आहे. दोनशे पावलांचं अंतर अर्ध्या तासाचं होते. ते दर चार पावलांवर थांबते. नळातून थेंब पडून राहिला, पाहायचा. देवळातल्या नंदीच्या शिंगाला हात लावायचा. एकच पायरी दहा वेळा चढायची, दहा वेळा उतरायची. हीच त्याची सहल, हाच त्याचा अभ्यास. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लिहिलं आहे की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी. दोन वर्षांच्या मुलाला स्क्रीन एक तासाच्या वर नको, त्याहून कमी तर बरंच. आता मला सांगा, बडकस चौकात, कोतवालीजवळ, किंवा चिटणीस पार्कच्या मागच्या एखाद्या बोळीत दोन खोल्यांत राहणाऱ्या घराने हे 180 मिनिटं आणायचे कुठून? गल्लीत सोडावं तर बाईक, ई-रिक्षा. घरात ठेवावं तर मोबाईल. आणि मग आपणच म्हणतो, "आजकालच्या पोट्ट्यांना मोबाईलचं वेड लागलं." वेड लागलं नाही राजेहो, आपण दुसरा रस्ता ठेवलाच नाही.

शहराने लहान मुलांसाठी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. 26 जानेवारी 2021 ला गोरेवाड्याचं बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान सुरू झालं. चांगलं आहे, जरूर जा. पण महालातून ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जाणं-येणं, तिकीट, बसमध्ये शिस्तीत बसणं. सहा वर्षांच्या मुलासाठी सोनं, दोन वर्षांच्या मुलासाठी शिक्षा. फुटाळ्याच्या कारंज्यावर कोट्यवधी खर्च झाले. पाहायला सुंदर, पण एवढ्या लहान जिवाच्या झोपेच्या वेळेला गर्दी आणि आवाज. अशा मोठ्या प्रकल्पांची फीत कापता येते, फोटो निघतो. रेतीच्या एका हौदाची फीत कोण कापणार?

आणि गंमत पाहा, ज्या गावाने हे सगळ्यात आधी ओळखलं होतं, ते गाव आपलंच.

तान्हा पोळा! दुसऱ्या रघुजी राजे भोसल्यांनी तो सुरू केला, ही परंपरा 1806 पासूनची मानली जाते. पोळ्याला खरे बैल सजतात, पण लेकराच्या हाती खरा बैल देता येत नाही. म्हणून लाकडी बैल, खाली चाकं, पुढे दोरी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं नटून बैल ओढत घरोघरी जातात आणि घरोघरी बोजारा मिळतो. विचार करा, यात काय काय आहे. मुलाच्या उंचीचं खेळणं. मुलाच्या वेगाने चालणं. तिकीट नाही. लांब जायचं नाही. गल्लीच मैदान होते आणि शेजारचे सगळे काका-काकू त्या दिवसापुरते पहारेकरी. लहान मुलांसाठी शहर कसं असावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. ते बाहेरून आणावं लागलं नाही, ते भोसल्यांच्या राजधानीतून, आपल्या महालातून निघालं.

पण ते वर्षातून एक दिवस. उरलेले 364 दिवस ती गल्ली पार्किंग आहे.

"अहो, महालात जागाच नाही." हे उत्तर मला पाठ झालं आहे. दाट वस्ती, जुने वाडे, चिंचोळ्या बोळी, जागा आणायची कुठून? मी विचारतो, केळीबाग रोड रुंद करायचा होता तेव्हा जागा कुठून आली? वर्षानुवर्षांची दुकानं, घरं तुटली. मोबदले, तारखा, पोलीस बंदोबस्त, सगळं झालं. रस्ता हवा होता, मी त्याच्या विरोधात नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली, की ठरवलं तर या महालात जागा निघते. गाडीसाठी निघते. लेकरासाठी निघत नाही, कारण लेकरू मतदान करत नाही.

आणि मी कुणाचं घर पाडा म्हणत नाही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ॲम्स्टरडॅमची गोष्ट सांगतो. शहर दाटीचं, पैशाची टंचाई, जागोजागी पडीक तुकडे. आल्डो व्हान आइक नावाचा तरुण वास्तुविशारद तिथल्या महापालिकेत कामाला होता. 1947 मध्ये त्याने एका चौकात मुलांसाठी पहिली जागा केली. रेतीचा हौद, उड्या मारायला काही गोल दगडी ठोकळे, लोंबकळायला दांड्या. एवढंच. आजूबाजूच्या लोकांनी ते पाहिलं आणि महापालिकेला पत्रं लिहायला लागले, आमच्याकडे पण पाहिजे. 1978 पर्यंत अशा 700 च्या वर जागा झाल्या. दोन घरांमधली मोकळी जागा, चौकाचा कोपरा, रस्त्याचा उरलेला तुकडा. कुठेही मोठं उद्यान नाही, कुठेही तिकीट नाही.

महालात असे तुकडे नाहीत? पटसंख्या नाही म्हणून बंद पडलेल्या मनपाच्या शाळांची आवारं आहेत. देवळांपुढची पटांगणं आहेत. रस्ता रुंदीकरणात उरलेले तिरके तुकडे आहेत, ज्यांच्यावर आज कचरा नाहीतर फ्लेक्स. कन्हानची एक ट्रॉली रेती टाका, भोवती गुडघाभर भिंत बांधा, रात्री कुत्री-मांजरी येऊ नयेत म्हणून वर जाळी टाका. एका चौकाच्या सौंदर्यीकरणाला जेवढा पैसा जाते, तेवढ्यात अशा कितीतरी जागा होतील.

कुणाला वाटेल, हे परदेशाचं कौतुक झालं. तर हे आपल्याच सरकारचं ऐका. लहान वयाच्या म्हणजे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना शहरं कशी सोयीची करावी, यासाठी केंद्राच्या स्मार्ट सिटी मिशनने 2020 मध्ये 'नर्चरिंग नेबरहूड्स चॅलेंज' काढलं. त्यात निवडलेल्या 25 शहरांत आपलं नागपूर होतं. पुढे जी 10 शहरं वर आली, त्यात इंदूर होतं, जबलपूर होतं, बडोदा होतं. आपण नव्हतो. शेजारच्या जबलपूरला जमलं. म्हणजे विषय मनपाला नवीन नाही, फाईल आहे. ती फाईल उघडा, एवढंच म्हणणं आहे.

आणि ही मेहरबानी नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची आली, त्यात नगरपालिकांच्या कामांमध्ये उद्यानं, बागा, खेळाची मैदानं स्पष्ट लिहिलेली आहेत. मुलाला खेळण्याचा हक्क आहे असं म्हणणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर भारताने 1992 मध्येच मान्यतेची मोहर उमटवली. मार्च 2022 मध्ये मनपाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासक राज होतं, विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. आता 151 जण आहेत. आता "साहेब मिटिंगमध्ये आहेत" चालणार नाही.

बागा आहेत तिथली तऱ्हाही पाहा. कितीतरी बागांत मुलांच्या कोपऱ्यात मोठ्यांची ग्रीन जिम उभी. घसरगुंडी पत्र्याची आणि उघड्या उन्हात. नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या पुढे, त्या पत्र्यावर पोळी शेकून निघेल. झोके आहेत ते आठ-दहा वर्षांच्या मुलांचे, दोन वर्षांचं लेकरू त्यावर बसू शकत नाही आणि खालून गेलं तर डोकं फुटते. प्रसाधनगृहाला कुलूप. बाळाला पाजायला आडोसा नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष होऊ शकतो, तर ज्या महाल-इतवारीच्या बाजारात अख्खा विदर्भ लग्नाची खरेदी करायला येते, तिथे काऊन नाही?

दोष एकट्या मनपाचा नाही, हेही बोलू. गल्लीत घरटी दोन गाड्या आपल्याच आहेत. देवळाच्या पटांगणात चेंडू आला की ओरडणारे आपलेच काका आहेत. मोकळ्या तुकड्यावर आधी बांधकामाचं मटेरियल टाकणारेही आपणच. आणि हो, फुटपाथवरच्या फेरीवाल्यांना हाकला असं माझं म्हणणं नाही. त्यांची पण लेकरं आहेत, दिवसभर हातगाडीच्या खाली बसलेली. अशी जागा सगळ्यात आधी त्यांच्या कामाची आहे.

तर मागणी काय? मोजून पाच गोष्टी.

1. महालातल्या प्रत्येक प्रभागात यंदा किमान दोन जागा फक्त पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. रेती, सावलीचं झाड किंवा शेड, पाणी, बाक, बुटका झोका.
2. बंद मनपा शाळांची आवारं सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 5 ते 8 उघडी.
3. गांधीसागर आणि रमण विज्ञान केंद्र महालाच्या उंबरठ्यावर आहेत. गांधी गेटपासून तिथवर बाबागाडी ढकलत नेता येईल असा सलग फुटपाथ आणि रस्ता ओलांडायला उंचवटा असलेलं क्रॉसिंग.
4. बाजारात एक हिरकणी कक्ष, कुलूप नसलेला.
5. महिन्यातून एका रविवारी सकाळी, आळीपाळीने एकेक गल्ली दोन तास गाड्यांना बंद. तान्हा पोळ्याला आपण करतोच. मग बाराही महिने करू.

तोवर घरात बसून राहू नका. महालवाल्यांसाठी माझी छोटी यादी, सगळं जवळचं आणि परवडणारं.

रमण विज्ञान केंद्र. 1992 पासून आहे. आतले प्रयोग मोठ्यांचे, पण बाहेरच्या बगिच्यातले डायनासोर एवढ्याशा लेकरांना फार आवडतात. ऊन चढायच्या आत जा.

चितार ओळी. गणपतीच्या आधीचा महिना. मातीचा गोळा, त्यातून निघणारी सोंड. लेकरू अर्धा तास हलत नाही. हात मात्र धरून ठेवा, मूर्तीला बोट लागलं तर कारागिराचं नुकसान.

मेट्रो. चितार ओळी चौक स्टेशनवरून बसा, सीताबर्डीला बदला, दोन स्टेशनं फिरून परत या. लिफ्ट आहे, सावली आहे, खिडकी आहे. दोन वर्षांच्या जिवाला याहून मोठा राइड कोणता?

मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. खरी इंजिनं. आणि महाराजबाग, आपल्या आजोबांपासूनची. रविवार सोडून जा.

पण ही यादी म्हणजे उत्तर नाही. ही रविवारची सोय झाली. सोमवार ते शनिवार संध्याकाळी पाच वाजता लेकरू दाराशी येऊन चप्पल दाखवते, त्याचं उत्तर मनपाने द्यायचं आहे, आणि ते आपण मागायचं आहे.

आपापल्या नगरसेवकाला ही पोस्ट पाठवा. सोबत तुमच्या गल्लीजवळच्या एका रिकाम्या तुकड्याचा फोटो टाका. मालकी मनपाची की नासुप्रची, ते आपण मिळून काढू. ज्यांना जमेल त्यांनी खाली पत्ता लिहा, यादी करून निवेदन देऊ.

नाहीच कुणी ऐकलं तर तान्हा पोळ्याच्याच दिवशी मारबत निघते, हे विसरू नका. काळी, पिवळी आणि मागे बडगे. यंदा एक बडग्या आमच्याकडून. गळ्यात पाटी, "महालात जागा नाही."

घेऊन जा गे मारबत!

#महाल #तान्हापोळा #लेकरांना_जागा_द्या