मुखोद्गत वाक्प्रचार

परदेशी जाऊ इच्छिणारे आपले तरुण डॉक्टर सयाजीगंजातील वर्गांत इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या मुखोद्गत करतात. कारण उघड आहे. आयईएलटीएसमार्गे जाणाऱ्यास ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलसाठी एकूण 7.5 बँड मिळवावा लागतो आणि तोंडी परीक्षा अवघी 11 ते 14 मिनिटांची. सातव्या बँडच्या निकषांत वाक्प्रचारांचा उल्लेख आहे खरा; परंतु तेथेच शैलीचे भानही अपेक्षिले आहे, ते यादीत कोठून यावे? मग पावसाचा विषय निघताच ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ बरसते.

माझ्या मते वाक्प्रचार आधी कानांत मुरावा लागतो. येथील बाह्यरुग्ण विभागात मराठी आजी ‘अंगात कसर आहे’ म्हणते, तर गुजराती आई ‘छोकराने मजा नथी’ म्हणते. येथे मजेचा संबंध प्रकृतीशी आहे, हे आपल्याला कोणत्या वर्गात शिकविले? ऐकता ऐकता ते आपल्याही तोंडी रुळले. ‘अंडर द वेदर’चे तसेच. मँचेस्टरला प्लॅबच्या दुसऱ्या भागात रुग्णाची भूमिका करणाऱ्याने ‘वॉटरवर्क्स’ची तक्रार सांगितली, तर ती लघवीची आहे (आजवा जलाशयाची नव्हे!) हे क्षणात उमगले पाहिजे.

खरा धोका पुढे आहे. यादीत ‘किक्ड द बकेट’समोर ‘मरण पावला’ एवढेच लिहिलेले असते. शोकाकुल मुलापुढे ते उच्चारणे म्हणजे ‘तुमचे वडील गचकले’ असे सांगण्यासारखे आहे.