वाचलेली वीज कोणाची?

वीज वाचवा, इंधन वाचवा, असा उपदेश सरकारी भित्तिपत्रकांतून गेली कित्येक वर्षे होत आला आहे. त्याचा रोख नेहमी एकट्या माणसाकडे असतो. त्याने दिवा मालवावा, पंखा बंद करावा, की देशकार्य पार पडले! ही वीज कोणाच्या जमिनीवर निर्माण झाली आणि ती वाचल्यास लाभ कोणाच्या पदरी पडतो, हे प्रश्न त्या भित्तिपत्रकांवर कधी दिसत नाहीत. पेण आणि रोहा या तालुक्यांत तरी ते विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

विजेची खरी किंमत या परिसराच्या शेजारीच मोजली गेली आहे. मुळशीला धरण बांधून घाटमाथ्यावरचे पाणी कोकणात भिऱ्याला उतरवण्याच्या टाटांच्या योजनेविरुद्ध एप्रिल 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास पत्करला. तरीही जमिनी बुडाल्या, आणि 1927 पासून भिऱ्याची वीज मुंबईकडे वाहू लागली. वीज निर्माण करून सोडलेले ते पाणी कुंडलिकेत येते, आणि त्याच नदीकाठी पुढे धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत उभी राहिली. विजेपायी एकांनी जमीन गमावली, दुसऱ्यांच्या वाट्याला मलिन नदी आली. कुंडलिकेचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. अशा भूमीवर एक युनिट वाया घालवणे हा केवळ व्यवहाराचा दोष नव्हे, तो अन्याय होय.

ऊर्जेची उधळपट्टी नेमकी होते तरी कोठे? धाटावसारख्या वसाहतीत मुख्य खर्च वाफेचा असतो. वाफ थिजून झालेले गरम पाणी गटारात सोडून बॉयलरला पुन्हा थंड पाणी पाजले, तर इंधन दुप्पट हातांनी उधळले जाते. बॉयलरला पुरवावयाच्या पाण्याचे तापमान दर 6 अंश सेल्सिअसने वाढले की सुमारे एक टक्का इंधन वाचते, हा अभियंत्यांचा सर्वमान्य हिशेब आहे. दाबलेल्या हवेचा दाब गरजेपेक्षा एक बार अधिक ठेवला, तर कॉम्प्रेसर सहा ते सात टक्के वीज जास्त खातो. गरम पाणी परत वापरल्याने नदीतून उपसा कमी होतो आणि सांडपाणीही घटते. म्हणजे ऊर्जेची बचत आणि कुंडलिकेची शुद्धी ही दोन निरनिराळी कामे नाहीत.

पेणची स्थिती वेगळी आहे. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने घराघरांत आहेत. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे भट्टीत भाजलेले जिप्सम. शाडू मात्र उन्हावाऱ्यात वाळतो. केंद्रीय मंडळाने 2020 मध्ये प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून 2025 मध्ये उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनवण्यास मुभा दिली आणि विसर्जनावर निर्बंध ठेवले. या पाच वर्षांत धोरणाचे हेलकावे सोसले ते कारागिरांनी. शाडूची मूर्ती जड, नाजूक आणि वाळायला सावकाश. तिच्यासाठी लागणारा अधिक वेळ कोणाच्या हिशेबी धरायचा? नगावर मजुरी घेणाऱ्या रंगकाम करणाऱ्या स्त्रीच्या, की गिऱ्हाइकाच्या? पर्यावरणाचा खर्च सर्वांत दुबळ्याच्या माथी मारणारी सुधारणा टिकत नाही.

लहान कारखान्यातही बचत शक्य आहे. जुना छतपंखा सुमारे 75 वॅट घेतो, नव्या जातीचा सुमारे 30. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालणारे दहा पंखे बदलले, तर 1620 युनिटे वाचतात. पेणच्या प्रसिद्ध पोह्यांच्या धंद्यातही भाजणीच्या भट्टीला नीट लेप दिला आणि धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर भात भिजवण्याचे पाणी तापवले, तर इंधन कमी लागेल. यात अवघड शास्त्र काही नाही. अडते ते भांडवलापाशी. पेण अर्बन बँकेवर 2010 मध्ये निर्बंध आल्यावर ठेवीदारांचे पैसे अडकले. सहकारी पतपुरवठ्यावरचा विश्वास असा मोडला असताना मूर्तिकाराने नवी यंत्रे घ्यावी कशाच्या बळावर?

सरकारी व्यवस्था येथे कोणाच्या बाजूने उभी आहे, हेही पाहावे. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठ्या कारखान्यांना ऊर्जा-तपासणी लागू केली. 2012 मध्ये सुरू झालेल्या योजनेत ठरल्यापेक्षा अधिक बचत करणाऱ्या मोठ्या उद्योगांना विकता येण्याजोगी प्रमाणपत्रे देण्याची तरतूद झाली. पेण तालुक्यातच, डोलवीला, पोलादाचा अवाढव्य कारखाना आहे आणि हमरापूरला पत्र्याची शेड आहे. मोठ्याची बचत हा बाजारातला माल ठरतो, लहानाची बचत कोणी मोजतही नाही. आणि ज्या बॉयलर-कामगाराच्या दक्षतेने इंधन वाचते, त्याचे नाव कोणत्याच प्रमाणपत्रावर नसते.

“आधी धंदा जगू द्या, पर्यावरण मागाहून पाहू,” असे काही सहानुभूतीदारही म्हणतात. त्यांची चिंता खरी आहे, पण विजेच्या बिलाखाली दबलेला धंदाही जगत नाही. तेव्हा काम संघटनेचे आहे. मूर्तिकारांनी सहकारी संस्थेमार्फत पंखे, दिवे आणि शाडू एकत्र खरेदी करावेत आणि पावसाळ्यासाठी पारदर्शक छताची सामाईक वाळवणशेड उभारावी. महाऊर्जेने एकेका गावातील सर्व कारखान्यांची तपासणी विनामूल्य करावी, अशी मागणी ग्रामपंचायतींच्या ठरावांतून पुढे यावी. धाटावच्या कामगार संघटनांनी पुढल्या वेतन कराराच्या वाटाघाटीत इंधन आणि विजेची बिले टेबलावर मागावीत, आणि झालेल्या बचतीचा ठरावीक वाटा कामगारांना मिळेल असे कलम करारात घालून घ्यावे.

मालकाला हे कलम रुचणार नाही. पण वाया जाणारी वाफ आधी कामगाराच्या डोळ्यांना दिसते, व्यवस्थापकाला ती महिनाअखेर कागदावर कळते. ज्याचे डोळे, त्याचा वाटा, हा हिशेब मान्य झाला तरच बचत भित्तिपत्रकावरून उतरून कारखान्यात शिरेल.