शेवटचे शंभर दिवस



गेल्या उन्हाळ्यात मी तीन महिने कुवेतला मुलाकडे राहिले. त्याचं घर रुमैथियात. तिथलं ऊन असं की सकाळी आठनंतर दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. संध्याकाळी मुलगा मला गाडीने जमैयात, म्हणजे वस्तीच्या सहकारी भांडारात नेई. त्या थंडगार दुकानात ढकलगाडी धरून दोन फेऱ्या मारायच्या, एवढंच माझं दिवसाचं चालणं. कोशेर मांस तिथे मिळत नाही, त्यामुळे घरात मासे आणि भाजी. पण मांसाच्या कपाटातली लेबलं वाचायला काय हरकत? जन्मभर नर्स म्हणून औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचलं, ती खोड जात नाही.

एका ऑस्ट्रेलियन गोमांसाच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'ग्रेन फेड, १२० दिवस'. लाल मांसात पांढऱ्या चरबीच्या बारीक रेघा, संगमरवरासारख्या. शेजारीच आपल्या भारतातून आलेलं म्हशीचं मांस, गडद आणि रेघांशिवाय, आणि कितीतरी स्वस्त. मुलगा म्हणाला, "आई, ते रेघांचं मऊ लागतं, म्हणून महाग."

ही मऊ चरबी येते कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. जनावर आधी कुरणात चरून वाढतं. मग शेवटचे तीन-चार महिने त्याला वाड्यात ठेवून मका, जव, ज्वारी असं धान्य घालतात. चारा अगदी थोडा. चालणं जवळजवळ नाही. साडेचारशे किलोचं जनावर दिवसाला दहा-अकरा किलो सुकं खाद्य खातं आणि रोज दीड किलोच्या आसपास वाढतं. शंभर दिवसांत दीडशे किलो! कातडीखाली आणि आतड्यांभोवती चरबी साठते, तशीच ती मांसाच्या धाग्यांतही शिरते.

पण गुरांचं पोट गवतासाठी घडवलेलं. धान्य एकदम वाढवलं तर पोटात आम्ल होतं, जनावर फुगतं, यकृतात पू होऊ शकतो. म्हणून जाणता शेतकरी दोन-तीन आठवडे घेऊन धान्य हळूहळू वाढवतो. आम्ल मारायला खायचा सोडा घालतो, आपण ॲसिडिटीला घेतो तोच. धान्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, म्हणून चुनखडीची पूड देतो, नाहीतर नर जनावरांना मूतखडा होण्याची भीती. शिवाय मीठ, आणि अ व ई जीवनसत्त्वं. हे सगळं तोलूनमापून.

माप सुटलं की काय होतं, तेही जगाने पाहिलं. ब्रिटनमध्ये गुरांना प्रथिनं मिळावीत म्हणून मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी खाऊ घालत. १९८६ साली तिथे गुरांचा वेडाचा रोग ओळखला गेला, आणि १९९६ मध्ये तो माणसांपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं. काही देशांत वजन वाढावं म्हणून कानामागे हार्मोनची गोळी बसवतात. युरोपने असं मांस १९८९ पासून घेणं बंद केलं.

हे वाचून काही जण हार्मोनच्या भीतीने झोप घालवतील. माझं मत सांगते. आपल्या सत्तरी-ऐंशीच्या वयात हार्मोनपेक्षा चरबी, मीठ आणि बसून राहणं यांनी माणूस लवकर आडवा होतो. वॉर्डात मी तेच पाहिलं.

आपल्याला तर हे खाद्याचं शास्त्र परकं नसावं. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. माझ्या आजोबांचा रेवदंड्याजवळ घाणा होता. तेल निघाल्यावर उरलेली पेंड भिजवून ते बैलाला देत, पण ठरलेली ओंजळच. मी जास्त घालायला गेले की म्हणत, "पोरी, तो फुगला तर घाणा तू ओढणार का?" त्यांचं खाऊ घालणं बैलाने काम करावं यासाठी होतं. वाड्यातलं खाऊ घालणं वजनकाट्यासाठी असतं.

आता माझीच गोष्ट. रुमैथियात सूनबाई माझ्यावर फार माया करते. सकाळी चहाबरोबर खजूर, दुपारी भात, चारला बिस्किटं, रात्री पुन्हा भात. "मम्मी, तुम्ही बसा हो, मी करते." नातू पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देई. मैत्रिणीच्या सांगण्यावरून कॅल्शियमची गोळी आणि ताकदीची पावडरही सुरू केली, डॉक्टरांना न विचारता. नर्स असून! ठाण्याला परत आले आणि तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी केली. जाताना ६.६ होती, ती ७.९. वजन साडेचार किलोने जास्त, आणि जिना चढताना गुडघ्यांपेक्षा मांड्या दमल्या. तेव्हा ते पाकीट आठवलं. ग्रेन फेड मीच होते.

हसू नका. हालचाल थांबली की म्हाताऱ्या माणसाचा स्नायू झिजतो आणि त्याच्या जागी चरबी शिरते. वजन वाढतं, ताकद घटते. मुलं म्हणतात, "आई कशी छान भरली आहे." त्या जनावराला १२१वा दिवस पाहायचा नसतो. आपल्याला पाहायचा असतो.

तोराने मूत्रपिंडांभोवतीची आणि आतड्यांवरची चरबी आपल्याला वर्ज्य केली आहे. ती सुरीने काढता येते. धाग्यांत शिरलेली चरबी कोणतीच सुरी काढू शकत नाही. म्हणून मांस कोशेर आहे एवढ्याने ते हृदयाला सोसेल असं समजू नका. इस्रायलमधल्या आपल्या लोकांच्या ताटात बाहेरून आलेलं गोमांस असतं. मुंबई-ठाण्यात मटण आणि कोंबडी, आणि ब्रॉयलर कोंबडीलाही शेवटी 'फिनिशर' नावाचंच खाद्य घालतात. तेव्हा सगळ्यांनाच सांगते:

१. कमी रेघांचं मांस घ्या. दिसेल ती चरबी आणि कोंबडीची कातडी काढा. रस्सा गार करून वर आलेला तवंग काढून टाका.

२. कोशेर करताना अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवल्यावर तीनदा नीट धुवा, आणि रश्श्यात वेगळं मीठ घालण्याआधी चव घ्या. रक्तदाब असेल तर हे फार महत्त्वाचं.

३. मांस बंद करू नका. या वयात प्रथिनं लागतातच. मासे, अंडी, बिरडं हेही ताटात हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना प्रमाण विचारावं.

४. गोळ्या-पावडरी मैत्रिणीच्या सल्ल्याने नकोत. गुरांनासुद्धा मोजून देतात.

५. रोज जेवणानंतर दहा मिनिटं चाला, घरातल्या घरात का होईना. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठा. जमत नसेल तर पडण्याचा धोका नको, खुर्ची भिंतीला लावून, कोणाला तरी जवळ उभं करून हात टेकून सुरुवात करा.

आणि मुला-सुनांनो, तुम्ही हे वाचून दाखवत असाल तर एक विनंती. आईला पाण्याचा पेला आणून देऊ नका. तिला स्वयंपाकघरापर्यंत जाऊ द्या. सूनबाईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा रुसली. पण पुढच्या खेपेला भाजी मी चिरणार आणि तीही उभ्याने, एवढं तिने कबूल केलं आहे.