तेलक्षेत्रांची खरेदी आणि किमतीचे भान

आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. त्यामुळे सरकारी तेल कंपन्यांनी देशाबाहेर तेलक्षेत्रे घ्यावीत, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो किती किमतीला, हा.

एकाच कंपनीचे, एकाच देशातील दोन व्यवहार पाहा. २००१ मध्ये, राम नाईक पेट्रोलियम मंत्री असताना, ओएनजीसी विदेशने रशियाच्या सखालिन-१ प्रकल्पात २० टक्के वाटा घेतला. खर्चाचा अंदाज होता सुमारे १.७ अब्ज डॉलर. तेव्हा तेल पिंपामागे २५ डॉलरच्या आसपास होते. साठ्यांवर विश्वास ठेवून, भाव नरम असताना घेतलेला हा वाटा पुढे लाभदायक ठरला.

दुसरा व्यवहार सायबेरियातील टोम्स्कचा. जुलै २००८ मध्ये तेल १४७ डॉलरवर पोहोचले आणि ऑगस्टमध्ये याच कंपनीने लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेली इम्पीरियल एनर्जी घेण्याचा प्रस्ताव जाहीर केला. जानेवारी २००९ मध्ये सुमारे २.१ अब्ज डॉलर मोजून खरेदी पूर्ण झाली, तेव्हा तेल ४० डॉलरच्या घरात उतरले होते. एकदा पक्का प्रस्ताव दिला की तेथील नियमांनुसार माघार जवळजवळ अशक्य! पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. दिवसाला ३५ हजार पिंपांचे उत्पादन गृहीत धरले होते. प्रत्यक्षात निम्मेही हाती लागले नाही.

भाव कोसळणार हे कोणालाच ठाऊक नव्हते, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे. बाजारभाव कंपनीच्या हाती नसतो. पण जमिनीखाली तेल किती आणि ते किती वेगाने निघेल, याची कसून पारख करणे तिच्याच हाती असते. ऊर्जासुरक्षेचा युक्तिवादही येथे लंगडा पडतो. टोम्स्कचे तेल आपल्या शुद्धीकरण कारखान्यांपर्यंत आणणे व्यवहार्य नाही. ते तिकडेच विकावे लागते. मग त्या गुंतवणुकीचे मोजमाप नफ्यानेच व्हायला हवे.

'अडला हरी' होऊन बाजारात उतरणाऱ्या ग्राहकाची अडचण विक्रेता ओळखून असतो. म्हणून मोठ्या खरेदीपूर्वी साठ्यांचे मूल्यांकन व्यवहारात हितसंबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून व्हावे, भाव निम्म्यावर आला तरी व्यवहार टिकेल का हे तपासले जावे आणि काही वर्षांनी अपेक्षा व फलित यांचा ताळेबंद संसदेपुढे यावा. पैसा जनतेचा आहे. राष्ट्रहिताचे नाव घेणाऱ्यांनी हिशेबही तितक्याच निष्ठेने दिला पाहिजे.