आधी बोरू तासा

हल्ली कलादालनांत एक चाल पडली आहे. कॅनव्हासवर गडद रंगांचे फटकारे मारायचे, त्यावर सोनेरी रंगात अरबी भासतील अशी वळणं काढायची आणि खाली ‘अमूर्त सुलेखन’ अशी चिठ्ठी डकवायची. नाशिकच्या शाळांत चित्रकला शिकवण्यात माझी हयात गेली. अशा मिश्रणाला माझा विरोध नाही. उलट ते व्हावं आणि आपल्या जिल्ह्यात व्हावं. पण अक्षर मोडणाऱ्याला आधी ते बसवता आलं पाहिजे.

उर्दूच्या नस्तालिक वळणात लिहिणारा कातिब, म्हणजे सुलेखनकार, फूटपट्टी लावत नाही. बोरूच्या टोकाला तिरपा छेद द्यायचा, त्या टोकाने पडणारा चौकोनी ठिपका म्हणजे नुक्ता, आणि तेच माप. अलिफ किती उंच, बे किती पसरट, सगळं नुक्त्यांवर ठरतं. अशी प्रमाणं बांधून देण्याचं श्रेय दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुक्लाला दिलं जातं. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात एका वयोवृद्ध कातिबांना लग्नपत्रिका लिहिताना पाहिलं. लांब रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. रेघ निघताना बारीक, मध्ये भरीव, संपताना पुन्हा केसाएवढी. अभिव्यक्तिवादी चित्रकार ज्या जिवंत फटकाऱ्यासाठी जिवाचा आटापिटा करतो, तो या गृहस्थांच्या बोटांत मुरलेला होता. त्यांना मात्र कुणी चित्रकार म्हणत नव्हतं.

पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेननी पोरवयात बडोद्याच्या मदरशात सुलेखन गिरवलं होतं. त्यांच्या घोड्याची मान एका दमात कशी उतरते, याचं निम्मं उत्तर मला तिथे सापडतं. निम्मं सिनेमाच्या फलकांत असेल! अमरोह्यात जन्मून पुढे पाकिस्तानात गेलेल्या चित्रकार सादिकैनची अक्षरं तर तिथल्या गदानीच्या किनाऱ्यावरल्या निवडुंगासारखी काटेरी, ताठ उभी राहतात. १९८१ मध्ये ते भारतात आले आणि अलीगढ, बनारसला भिंती रंगवून गेले. अक्षर किती ताणलं तरी तुटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

सुलेखनातलं धर्मवचन कॅनव्हासवर आलं तर कुणाचं मन दुखावेल, अशी धास्ती काहींना वाटते. ती अगदीच गैर नाही. पण वचनच लिहिलं पाहिजे असं कुठे आहे? इराकच्या मदीहा उमर यांनी १९४९ मध्ये वॉशिंग्टनला चित्रं मांडली, त्यांत नुसती सुटी अक्षरं होती. ओळ नाही, अर्थ नाही, फक्त आकार.

आपल्याकडचं दुखणं वेगळंच आहे. उर्दू अक्षरजुळणीची इनपेज ही संगणकप्रणाली आली आणि उर्दू छापखान्यांतलं कातिबांचं काम संगणकाने गिळलं. हात शाबूत, पण काम नाही. नाशिकहून मालेगाव शंभरेक किलोमीटर. कलाविद्यार्थ्यांच्या सहली अजिंठा-वेरूळला जातात, मालेगावला नाही. कलामहाविद्यालयांनी वर्षातून पंधरा दिवस तरी एखाद्या कातिबाला वर्गावर बोलवावं. मानधन मुंबईच्या पाहुण्या व्याख्यात्याइतकंच द्यावं, शाल-श्रीफळावर भागवू नये. आणि तेवढे दिवस विद्यार्थ्यांच्या रंगपेट्या कुलपात राहिल्या तरी चालतील.