तीर्थांतील नाणें

माझा पुतण्या व त्याचा एक मित्र नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतात. गेल्या उन्हाळ्यांत त्या दोघांनीं मोटारसायकलीवरून (आमच्या लहानपणीं तिला फटफटी म्हणत) यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा प्रवास केला. त्याच्या पत्रांत एक प्रश्न आला आहे, तो आपल्या घरांतूनहि विचारांत घेण्याजोगा आहे. प्रथम स्थळाची ओळख करून देतों.

इ. स. १८७२ मध्यें स्थापन झालेलें हें उद्यान जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान मानलें जातें. त्याचा बहुतेक भाग वायोमिंग संस्थानांत आहे. सुमारें ६,४०,००० वर्षांपूर्वीं येथें ज्वालामुखीचा महास्फोट होऊन भूमि खचली. पोटांतील तो अग्नि अद्यापि निवालेला नाहीं. पावसाचें व बर्फाचें पाणी खोल झिरपतें, तप्त खडकांच्या योगानें तापतें आणि पुन्हां वर येतें. असे झरे, वाफेचीं विवरें, चिखलाचीं कुंडें व फवारे मिळून दहा हजारांवर स्थानें तेथें आहेत. जेथें पाण्याची वाट अरुंद असते, तेथें वरच्या दाबामुळें खालचें पाणी उकळण्याच्या मर्यादेपलीकडे तापतें. दाब किंचित् हलका होतांच त्याची एकदम वाफ होऊन तें आकाशांत उसळतें. ‘ओल्ड फेथफुल’ नांवाचा फवारा सुमारें दीड दीड तासानें शंभराहून अधिक फूट उंच उडतो.

मोटारींत बसणारास काचेचा आडपडदा असतो, दुचाकीवर तो नसतो. पुतण्या लिहितो कीं, झरा दृष्टीस पडण्यापूर्वींच गंधकाचा उग्र दर्प सामोरा येई. हेडन खोऱ्यांत बायसन नांवाच्या अवाढव्य रानबैलांचा कळप रस्त्यावर आला, तेव्हां यंत्र बंद करून हे दोघे दूर उभे राहिले. त्या जनावरांपासून निदान पंचवीस यार्ड अंतर राखण्याचा नियम आहे.

पुढें ते ‘मॉर्निंग ग्लोरी’ कुंडापाशीं आले. निळ्या, घंटेसारख्या फुलावरून त्यास हें नांव पडलें. मित्राच्या आजीनें निघतांना बजावलें होतें, “तीर्थ दिसेल तेथें रुपया वाहा.” त्यानें रुपया हातांत घेतला, तोंच शेजारची पाटी वाचून तो थबकला. पूर्वीं मोटारींचा रस्ता या कुंडाच्या जवळून जाई, आणि प्रवासी त्यांत नाणीं टाकीत. इ. स. १९५० मध्यें पातळी मुद्दाम उतरवून तें मोकळें करूं लागले, तेव्हां नाण्यांच्या राशीबरोबर हातरुमाल, मोजे, टॉवेल निघाले. अशा वस्तूंनीं पाण्याची मुखें कोंदतात व पाणी निवत जातें. अत्युष्ण स्वच्छ पाणी निळें दिसतें. निवलेल्या पाण्यांत सूक्ष्म जीव वाढून पिवळा, नारिंगी रंग चढतो.

हे जीव स्वतः निंद्य नव्हेत. अशांपैकींच एक इ. स. १९६६ मध्यें थॉमस ब्रॉक यांस याच उद्यानांत आढळला, आणि त्याच्यापासून मिळालेल्या द्रव्यावर पी. सी. आर. ही तपासणी उभी राहिली. करोनाच्या सांथींत तिचें नांव घरोघरीं पोहोंचलें. परंतु या कुंडांत पिवळा रंग कांठावरून आंत सरकला आहे, आणि मूळची निळाई पुष्कळशी लोपली आहे.

मित्रानें रुपया परत खिशांत घातला. आजीचा शब्द मोडला काय, हा त्याचा प्रश्न. माझें उत्तर स्पष्ट आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पाण्यांत थुंकण्याचा व अपवित्र वस्तु टाकण्याचा निषेध आहे. त्याचा हेतु जल निर्मळ राहावें हाच. जें टाकल्यानें जल बिघडतें, तें आपण श्रद्धेनें टाकलें म्हणून पवित्र ठरत नाहीं. शिवाय दानास घेणारा लागतो. कुंडाच्या तळाशीं पडलेला रुपया कोणाच्या मुखीं घांस घालीत नाहीं. म्हणून मीं कळविलें आहे कीं, तो रुपया जपून आणावा, आजीच्या हातून एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीसाठीं द्यावा. तिचें पुण्य उणें होणार नाहीं.

वज्रेश्वरी, गणेशपुरीचीं उष्ण कुंडें आपल्या परिचयाचीं आहेत. पुढील खेपेस मुलांना तेथें नेतांना वडील मंडळींनीं ही गोष्ट त्यांच्या कानीं घालावी, आणि हार, पुडे व नाणीं पाण्याबाहेरच ठेवावीं.